अर्धा ओटा

पूर ओसरला, पण त्या वर्षी आमच्या वस्तीत शेंगा धरल्याच नाहीत. वेलांवर चिखल वाळून बसला होता. फुलाला हात लावला की फूल गळायचं. बायका उकिडव्या बसून एकेक पान ओल्या फडक्याने पुसत होत्या आणि पुरुष आभाळाकडे बघून शिव्या देत होते. त्यातच नगरपालिकेची निवडणूक लागली. शेंगांपेक्षा तिला फुलं चांगली आली.

मी मुनसामी. माझी गाडी म्हणजे मागे दोन फळ्या, वर ताडपत्री. वस्तीतला भाजीपाला आणि माणसं पहाटे बाजारात न्यायची, दुपारी परत आणायची, हा माझा धंदा. आमची वस्ती नदीच्या अलीकडे, शहराच्या हद्दीत कशीबशी बसलेली. पुलापलीकडे फिजियन, म्हणजे इथल्या मूळ लोकांचं गाव, ते हद्दीबाहेर. मध्ये नुसती नदी, तीही उन्हाळ्यात गुडघाभर. पण नगरपालिकेच्या नकाशात ती फार मोठी होती.

या नगरपालिकेचा इतिहास कुणी लिहून ठेवलेला नाही, पण बाजारात बसणाऱ्या कुणालाही विचारा. माझ्या आजाच्या वेळी मंडळावर साखर गिरणीचे गोरे आणि एकदोन दुकानदार असायचे. घरपट्टी भरेल त्याला मत, आणि आमची घरं तर गिरणीची. पुढे आमचे हिंदुस्थानी लोक लढून मतदार झाले. मग मंडळावर वकील आले, मास्तर आले, बसवाले आले. मध्ये राजधानीतल्या, सुवाच्या सरकारची मर्जी फिरली आणि मंडळच बरखास्त झालं. काही वर्षं एक साहेब यायचा, पंख्याखाली बसून सही करायचा आणि जायचा. एवढ्या सगळ्यात बाजाराचं छप्पर मात्र गळायचं ते गळतच राहिलं. पाऊस आला की कोथिंबीर विकणारी बाई आणि मासे विकणारी बाई एकाच छत्रीखाली, हा आमचा इतिहास.

रामसमुझ आणि सुखराजी हे माझे शेजारी. मुलगा न्यूझीलंडला गेलेला, घरात दोघंच. रामसमुझ उंच, वाकलेला, जमीन खोदून खोदून त्याची बोटं आत वळलेली, मूठ उघडायलाही त्याला वेळ लागायचा. सुखराजी बुटकी आणि तोंडाने फटकळ. त्या दोघांचा बाजारात अर्धा ओटा होता. उरलेला अर्धा पलीकडच्या गावातल्या सेरेआनाचा.

सेरेआना विधवा, आडव्या बांध्याची. हसली की गाडीची फळी हलायची. रोज पुलापाशी टोपल्या घेऊन उभी असायची. अळूचे कंद, टॅपिओका, नेचाची कोवळी भाजी आणि पाण्याने निथळत्या पिशवीत नदीतल्या शिंपल्या.

"मुनसामी, तुझी गाडी आज ढकलायची की बसायचं?"

"तू बसलीस की ढकलावीच लागते," मी म्हणायचो.

"ए सुखा, सरक. रात्रीत जाड झालीस का?"

"मी सरकते, तू आधी तुझ्या शिंपल्या माझ्या पदरावरून उचल," सुखराजी ओरडायची, आणि पिशवी स्वतःच उचलून मांडीवर घ्यायची.

बाजारात पोचलं की दोघी मिळून ओटा धुवायच्या. डावीकडे शेंगा, वांगी, मिरच्या. उजवीकडे कंद आणि शिंपल्या. एकीला ताप आला तर दुसरी दोन्हीकडचं विकायची. सुखराजीच्या मुलाच्या लग्नात सेरेआनाने आठवडाभर एकटीने ओटा सांभाळला होता. सेरेआनाचा नवरा गेला तेव्हा सुखराजी काळे कपडे घालून पलीकडच्या गावात राहिली होती आणि रामसमुझने इकडे शिंपल्या विकल्या होत्या. 'जिवंत आहेत का?' असं गिऱ्हाईकाने विचारलं की तो बिचारा एक शिंपली कानाला लावून बघायचा. बाजार हसायचा.

मंगळवारी आमच्याकडे रामायण असतं. त्या मंगळवारी पाठ रामसमुझच्या घरी होता. आरती झाली, प्रसाद वाटला, चटईवर नगोनाची, म्हणजे मुळं कुटून पाण्यात कालवलेल्या गुंगीच्या पेयाची, काथवट आली आणि मागोमाग वकील देवनारायण आले. पक्षाचं काम तेच बघत. पांढरा सदरा, पायांत मोजे. मोजे घालून चटईवर बसणारा माणूस मला कधी आवडला नाही.

वकिलांनी करवंटी रिकामी केली, टाळी वाजवली आणि म्हणाले, "रामसमुझभाई, या वॉर्डातून तुम्ही उभं राहायचं."

"मी?" रामसमुझ हसला. "अहो वकीलसाहेब, मला नीट बोलता येत नाही."

"बोलायला आम्ही आहोत. बाजारातला माणूस पाहिजे. तुम्हाला नाही म्हणणारं कोण आहे?"

चटईवरचे सगळे माना डोलावू लागले. रामसमुझने मान खाली घातली, पण त्याचे कान लाल झाले होते. उभ्या जन्मात कुणी त्याला पहिल्या रांगेत बोलावलं नव्हतं.

मग वकिलांनी मुद्दा काढला. बाजाराची नवी इमारत होणार, पक्कं छप्पर, फरशी, नळ. पण ओटे आताच्यापेक्षा कमी बसणार. तेव्हा पक्षाचं वचन एकच: शहराचे ओटे शहरात राहणाऱ्यांना. हद्दीबाहेरच्यांनी शनिवारी यावं, कुंपणाशी जमिनीवर बसावं.

आतल्या दारातून सुखराजीचा आवाज आला. "म्हणजे सेरेआनाने मातीत बसायचं?"

"वहिनी, एकेका माणसाचा विचार करून कायदा होत नाही," वकील म्हणाले. "नाहीतर उद्या तुमचाही अर्धा ओटा जाईल. मग?"

"तिचं काय ते मी निवडून आल्यावर बघेन," रामसमुझ म्हणाला.

"काय बघाल?" सुखराजीने आतूनच विचारलं.

"बघेन म्हटलं ना."

सुखराजी आत गेली आणि तिने भांडी जरा जोरात घासायला घेतली.

दुसऱ्या आठवड्यात रामसमुझ मला म्हणाला, "मुनसामी, पलीकडच्या गावात जायचंय. इनोकेदादाचा आशीर्वाद घ्यावा म्हणतो."

इनोके म्हणजे सेरेआनाचा थोरला भाऊ, त्या गावातला मानाचा म्हातारा. गाव हद्दीबाहेर, तिथे मत नाही. पण त्यांची मुलं, पुतणे, भाचे गिरणीच्या चाळींतून राहत होते आणि त्या चाळी रामसमुझच्या वॉर्डात होत्या. हे वकिलांनी त्याला समजावलं होतं की त्याचं त्याला कळलं, ते मी विचारलं नाही. त्याने चांगल्या जाड मुळ्यांची नगोनाची जुडी घेतली, वर्तमानपत्रात गुंडाळली आणि बाळासारखी मांडीवर धरून बसला.

आता, त्या लोकांत रीत अशी की जुडी पुढे ठेवून माणसाने आलेलं कारण सांगायचं. सगळं सांगायचं. समोरच्याने जुडीला हात लावला की झालं. मग तो आणि त्याचं घर तुमच्या बाजूचं. त्याला पुन्हा मागे येता येत नाही. रामसमुझ नदीकाठी वाढलेला, त्याला ही रीत माझ्यापेक्षा चांगली ठाऊक होती.

इनोकेच्या घरात आम्ही मांडी घालून बसलो. मागे बायकांत सेरेआना होती. तिने मला डोळा मारला. रामसमुझने जुडी पुढे सरकवली.

"दादा, नगरपालिकेला उभा राहतोय. तुमच्या घराचा हात पाठीवर असू द्या."

एवढंच बोलला. मी वाट बघत होतो. इनोकेही बघत होता. त्याने मान किंचित वाकडी केली, म्हणजे अजून काही असेल तर बोल. रामसमुझने घसा साफ केला. त्याची वळलेली बोटं गुडघ्यावर हलत होती. मग त्याने मान खाली घातली.

इनोकेने जुडीला हात लावला. "तू आमच्या बहिणीच्या ओट्यावरचा माणूस," तो म्हणाला. "तिथे तू बसलास म्हणजे आमचंच कुणी बसलं." सगळ्यांनी पोकळ हातांनी टाळ्या वाजवल्या. मागून सेरेआना ओरडली, "रामसमुझदादा, मोठा झाल्यावर शिंपली कानाला लावायचं विसरू नको!" घर हसून हसून लोळलं. रामसमुझही हसला. त्याचा चेहरा मात्र घामाने भिजला होता, आणि त्या दिवशी गरम काही होत नव्हतं.

परत येताना पुलावर मी म्हटलं, "सांगितलं नाहीस?"

"जीभच वळली नाही रे. म्हातारा इतक्या मायेने बघत होता."

"मग आता फीर मागे. मी गाडी वळवतो."

"पुढे बघ, गाडी चालव," तो म्हणाला.

निवडणुकीच्या दिवशी शाळेच्या पटांगणात दोन्ही पक्षांचे मांडव होते. इकडे रोटी आणि बटाट्याची भाजी, तिकडे पाव आणि लोणी. लोक मत एकाला देऊन दोन्हीकडे जेवत होते. दुपारी गिरणीच्या चाळींतून माणसं आली, धुतलेले कपडे, फुलाफुलांचे शर्ट. त्यांचा स्वतःचा उमेदवार समोर उभा होता, नात्यातला. त्याच्याशी हात मिळवून ते आत गेले आणि रामसमुझला मत देऊन बाहेर आले. इनोकेने जुडीला हात लावला होता ना. आपल्या माणसाचा राग ओढवून घेऊन त्यांनी शब्द पाळला.

रामसमुझ थोडक्यात निवडून आला. वस्तीने त्याला हार घातले. सुखराजीने त्याच्या कपाळाला टिळा लावला आणि म्हणाली, "आता बघा हं."

"बघतो," तो म्हणाला.

पहिल्या सभेला तो माझ्याच गाडीतून गेला. मुलाने पाठवलेले बूट त्याने कधी घातले नव्हते. रुंद पसरलेले, भेगाळलेले ते पाय आत जाईनात. सुखराजीने खोबरेल लावून पाय आत ढकलले. सभागृहाच्या पायऱ्या तो कठड्याला धरून चढला, आणि वरचा शिपाई त्याला म्हणाला, "अर्ज द्यायचाय का? खालच्या खिडकीत." वकिलांनी येऊन सांगितलं की हे सभासद आहेत. शिपाई हसला, रामसमुझही हसला.

लोकांसाठी मागे बाकं होती, तिथे मी, सुखराजी आणि बाजारातल्या काही बाया बसलो. सेरेआना आली नव्हती. ती ओट्यावर होती, दोन्हीकडचं विकत.

ओट्यांचा ठराव आला. वाचून झाला. रामसमुझने शेजारी वकिलांच्या कानात काहीतरी सांगितलं. वकिलांनी त्याच्या हातावर थोपटलं आणि मान हलवली, नाही अशी. तो पुन्हा काही बोलला. आता वकिलांनी त्याच्याकडे बघितलंच नाही. अध्यक्षांनी हात वर करायला सांगितलं. पक्षाचे हात एकेक करून वर गेले. रामसमुझचा हात टेबलावर होता. सगळी रांग त्याच्याकडे वळून बघू लागली. तो एकटा, वळलेल्या बोटांचा, नव्या बुटांतला.

"रामसमुझभाई," वकील हळूच म्हणाले.

त्याने हात वर केला. मूठ नेहमीसारखी अर्धवट मिटलेली. मला त्याचा संताप आला आणि त्याच क्षणी त्याची कीवही आली. सुखराजी उठून बाहेर गेली. 

नवी इमारत व्हायची तेव्हा होईल, आधी जुनेच ओटे नंबर घालून, रंग देऊन पुन्हा वाटले. रामसमुझच्या नावावर आता अख्खा ओटा आला.

ठराव लागू झाला त्या शनिवारी सेरेआना रोजच्यासारखी पुलापाशी उभी होती. गाडीत चढली.  रामसमुझ पुढे माझ्याजवळ बसला होता, त्याने मान वळवली नाही. तिची पिशवी उचलायला सुखराजीने हात पुढे केला. "राहू दे, जड आहे," सेरेआना म्हणाली, आणि पिशवी आपल्या पायांशी ठेवली.

बाजाराच्या कुंपणाशी, गटाराच्या कडेला, तिने पोतं अंथरलं. ऊन सरळ डोक्यावर. शिंपल्यांवर ती पाणी शिंपडत होती, नळ आत होता, बादली घेऊन आत जायचं तर दरवानाला विचारावं लागे. त्या दरवानाला तो लहान असताना तिने कडेवर घेतलं होतं.

सुखराजीने थोडा वेळ ओट्यावर वांगी मांडल्यासारखं केलं. मग टोपली उचलली, बाहेर आली आणि सेरेआनाशेजारी पोत्यावर बसली.

"मी कचेरीत गेले होते," ती म्हणाली. "म्हटलं, माझा ओटा हिला द्या. म्हणाले, देता येत नाही. तुला देता येत नाही, मला सोडता येतो म्हणे."

"सोडू नको. वेडी आहेस का?"

"मग मी इथेच बसते."

"ऊठ सुखा."

"नाही उठत."

"तो बघ, बाजाराचा साहेब फिरतोय. ओटा रिकामा दिसला तर काढून घेतील. ऊठ, बाई." सेरेआनाने तिच्या दंडाला धरून तिला उभं केलं, टोपली तिच्या डोक्यावर ठेवली आणि पाठीला हळूच ढकललं. सुखराजी रडत रडत आत गेली. गिऱ्हाइकाला वाटलं, मिरचीचा हात डोळ्याला लागला.

संध्याकाळपर्यंत अर्ध्या शिंपल्या तोंड उघडून मेल्या. सेरेआनाने त्या गटारात ओतल्या. पुढच्या शनिवारी ती पुलापाशी नव्हती, आणि त्याच्या पुढच्याही नाही. गिरणीच्या चाळीतला तिचा भाचा भेटला. म्हणाला, आत्या आता दुसऱ्या शहराच्या बाजारात जाते, दोन बसा बदलून.

रामसमुझ वाळत चालला. सभेला जायचा, हात वर करायचा, यायचा. राजीनामा देतो म्हणून वकिलांकडे गेला तर ते म्हणाले, पोटनिवडणुकीचा खर्च तुम्ही करणार का? एक दिवस तो माझ्या दारात येऊन उभा राहिला.

"मुनसामी, देवमाशाचा दात कुठे मिळेल?"

मला कळलं. फिजियन माणसाची माफी मागायची तर नगोना पुरत नाही. दात लागतो, पिवळा पडलेला जुना दात, दोरीत ओवलेला. ओळखीत ओळख काढून आम्ही एक मिळवला. सुखराजीने तो खोबरेलाने पुसला.

या वेळी रामसमुझ इनोकेच्या घरात आत गेला नाही. उंबऱ्यापाशीच बसला, दात दोन्ही हातांत, मान गुडघ्यांपर्यंत खाली. आम्ही मागे. घरात सगळे होते, सेरेआनाही.

"दादा," तो म्हणाला, "मी त्या दिवशी सगळं सांगितलं नाही. मला ठाऊक होतं. मला ठाऊक होतं आणि तरी मी तुमची माणसं नेली, आणि त्यांच्याच मतांनी तुमच्या बहिणीला मातीत बसवलं."  त्याची पाठ हलत होती.

 बाहेर कोंबडी ओरडत होती. इनोके पुढे झाला आणि त्याने दात हातात घेतला.

"झालं," तो म्हणाला. "हे आज जमिनीत पुरलं. या घरातलं कुणी यावर पुन्हा बोलणार नाही. आत ये, भाऊ."

टाळ्या झाल्या. काथवट आली. इनोकेने पहिली करवंटी स्वतःच्या हाताने रामसमुझला दिली. शेतांचं बोलणं निघालं, पुराचं निघालं, कुणीतरी जुना विनोद सांगितला. सेरेआना सुखराजीजवळ येऊन बसली, मुलाची, सुनेची चौकशी केली. रामसमुझच्या अंगात जीव आला. किती दिवसांनी तो मला माणसासारखा दिसला.

निघताना त्याला राहवलं नाही. "सेरेआना, मग सोमवारी पुलापाशी येशील ना? मी साहेबाशी भांडेन. ओट्याच्या मागे बस, कोण बघतं? आमच्याच नावावर विकू."

 इनोकेने नजर चटईवर ठेवली.

सेरेआना रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. ती फार मऊ आवाजात म्हणाली, "रामसमुझदादा, ते पुरलं ना आता. पुरलेलं कुणी उकरतं का?"

मग ती आत गेली आणि एक टोपली घेऊन आली. कोवळ्या नेचाची भाजी, निवडक अळूचे कंद, वर केळीच्या पानात बांधलेल्या शिंपल्या, सगळं धुतलेलं, नीट रचलेलं, कडेला एक जास्वंद खोचलेलं. तिने ती दोन्ही हातांनी सुखराजीच्या पुढे धरली आणि किंचित वाकली.

"हे घरी खायला," ती म्हणाली. "विकायला नाही."

सुखराजीने टोपली घेतली.  तिने नुसती मान हलवली. सगळे आम्हाला गाडीपर्यंत पोचवायला आले, लहान मुलांनी हात हलवले, इनोकेने स्वतः मागची फळी लावली.

पूल ओलांडला. मग मागून रामसमुझचा आवाज आला. "काही झालं तरी माफ केलं. मोठ्या मनाची माणसं. बघ, किती मानाने पाठवलं."

"हो," सुखराजी म्हणाली. टोपली तिच्या मांडीवर होती. तिने शिंपल्यांचं पान उघडून बघितलं, पुन्हा बंद केलं. "इतकी वर्षं तिची पिशवी माझ्या पदरावर गळायची हो. तिने मला कधी पाहुणी केलं नव्हतं."

ती तोंडावर पदर घेऊन रडू लागली. मी गाडी बाजूला घेऊन थांबवली, पण रामसमुझ म्हणाला, चल, घरी चल, अंधार पडतोय, म्हणून पुन्हा सुरू केली.